नेट येतं कुठून आणि पावसात जातं कुठे?

प्रश्न असा आला आहे : “दापोली तालुक्यात समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटरवर आमची वाडी. मी निवृत्त शिक्षक. मुलगा आणि सून पुण्याहून येऊन पावसाळाभर इथूनच कंपनीचं काम करणार म्हणतात. मोबाइलला रेंज फक्त मांगराच्या (गोठ्याच्या) मागे, तीही उभं राहिलं तर. शेजारच्या गावापर्यंत फायबर आलंय. केबलवाला म्हणतो आठ दिवसांत लावून देतो, २०० एमबीपीएस. पण त्या गावातले लोक सांगतात, पहिला पाऊस पडला की नेट गेलंच. हे नेट मुळात येतं कुठून, आणि पावसात जातं कुठे? आधी समजून घेतो, मग पैसे भरतो.”

गुरुजी, पैसे भरायच्या आधी विचारलंत हे उत्तम. मी टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवर काम शिकलो आणि गेली पंधरा-सोळा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात फायबर ओढतो, जोडतो, तुटलेलं शोधतो. या काळात “स्पीड किती?” हे प्रत्येकाने विचारलं. “वाट कुठली?” असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि पावसाळ्यात सगळं त्या वाटेवरच अडतं.

नेट कुठून येतं म्हटलं की बहुतेक जण आभाळाकडे बोट दाखवतात. डिश टीव्हीची सवय, दुसरं काय. खरं तर एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या माहितीपैकी ९५ टक्क्यांहून अधिक माहिती समुद्राच्या तळावर टाकलेल्या केबलमधून जाते. आपल्या बाजूच्या अशा बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर येतात. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते. किनाऱ्याजवळ मात्र तिला पोलादी तारांचं चिलखत घालतात, कारण तिथे तिचे शत्रू म्हणजे बोटींचे नांगर आणि तळ खरवडत जाणारी जाळी. जगभरात वर्षाला दीडशे-दोनशे वेळा अशा केबल कुठे ना कुठे बिघडतात, त्यातले बहुसंख्य बिघाड नांगर आणि मासेमारीमुळेच. हर्णैच्या बंदरात हे समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि मुंबई-पुण्याच्या कंपन्यांमधलं नेट रांगायला लागलं. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं, की आपलं नेट समुद्रातून येतं.

म्हणजे तुमच्या अंगणातून जो अरबी समुद्र दिसतो, त्याच्याच तळाशी नेट आहे. पण ते तुमच्याकडे सरळ येत नाही. आधी मुंबईत चढतं, मग जमिनीवरून महामार्गाच्या कडेने, रेल्वेच्या रुळांशेजारून, घाट उतरून तालुक्याच्या गावात येतं, आणि तिथून खांबाखांबावरून वाडीत.

ते येतं कसं, हे आपल्या गणपतीवरून सांगतो. मुंबईतलं बारा जणांचं एक कुटुंब गावी निघतं. चौघांना कोकण रेल्वेचं तिकीट मिळतं, पाच जण एसटीने, तिघं गाडी घेऊन ताम्हिणी घाटातून. प्रत्येकाला घरचा पत्ता माहीत. कोण आधी, कोण नंतर, कुणी कुठल्या वाटेने, याला महत्त्व नाही. घरी पोचल्यावर मोजणी होते. इंटरनेटवर तुमचा फोटो असाच निघतो. साधारण पंधराशे बाइटचे तुकडे पाडले जातात, म्हणजे तीन एमबीच्या फोटोचे सुमारे दोन हजार. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक. वाटेतला प्रत्येक राऊटर फक्त पत्ता वाचतो आणि पुढच्या नाक्याकडे ढकलतो. परशुराम घाट बंद असेल तर कुंभार्लीने घ्या, एवढीच त्याची अक्कल, आणि तेवढी पुरते. शेवटी मोजताना एखादा क्रमांक कमी भरला, तर “तो पुन्हा पाठवा” असा निरोप जातो. माणूस पुन्हा पाठवता येत नाही, तुकडा येतो. इथे माझी उपमा संपते.

हा “पुन्हा पाठवा” प्रकार सगळीकडे चालत नाही, आणि तुमच्या मुलाला त्रास होणार तो इथेच. यूट्यूब व्हिडिओ थोडा आगाऊ साठवून ठेवतं, त्यामुळे हरवलेला तुकडा परत मागवायला त्याच्याकडे वेळ असतो. चालू मीटिंगमध्ये तो वेळ नसतो. अर्ध्या सेकंदापूर्वीचा शब्द आत्ता आणून काय करायचं? म्हणून मीटिंगचा सॉफ्टवेअर हरवलेलं सोडून देतो, आणि समोरच्याला तुमचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजलेला दिसतो. लोक तक्रार करतात, “पिक्चर मस्त चालतो, मीटिंगच तुटते, म्हणजे कंपनीच्याच बाजूला काहीतरी आहे.” क्वचित असतं. बहुतेक वेळा वाटेत शंभरातले दोन-तीन तुकडे गळत असतात, आणि पिक्चर ते झाकून नेतो. शिवाय लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती मोठ्या कंपन्या मुंबई-पुण्यातल्या नेटवाल्यांच्या केंद्रांतच ठेवून देतात. तुमचा पिक्चर अमेरिकेतून आलेलाच नसतो. ऑफिसच्या सर्व्हरचं तसं नाही, तो जिथे असेल तिथपर्यंत जावंच लागतं.

आता तुमच्या वाडीकडे येऊ, कारण खरी गंमत शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये आहे.

फायबर म्हणजे काचेचा धागा, बाहेरून १२५ मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो नऊ मायक्रॉनच्या आसपास. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दापोलीहून मुंबई सव्वादोनशे किलोमीटर धरली तरी एका बाजूला साधारण एक मिलिसेकंद. तालुक्याच्या गावात तुमच्या केबलवाल्याचं एक यंत्र असतं, ओएलटी. त्यातून निघालेल्या एका धाग्याचा प्रकाश वाटेतल्या डब्यांमध्ये वाटला जातो. एकाचे आठ, त्या प्रत्येकाचे पुन्हा आठ, अशी चौसष्ट घरं. हा वाटणारा डबा म्हणजे स्प्लिटर. त्याला वीज लागत नाही. नुसती काच. या पद्धतीचं सगळं शहाणपण त्यात आहे : गावात ओएलटीला वीज आणि तुमच्या घरात फायबर जिथे संपतं त्या डब्याला वीज, मध्ये कुठेही नाही.

पण प्रकाश वाटला की कमी होतो. यंत्रातून निघताना तो दोन मिलिवॅटच्या आसपास असतो. चौसष्ट वाटे, आठ-दहा किलोमीटर काच आणि चार-सहा जोड पार करून तुमच्या घरात पोचतो तेव्हा एका मिलिवॅटचा दीडशेवा-दोनशेवा भाग उरतो. आमच्या मीटरवर त्याला उणे २२, उणे २३ डीबीएम म्हणतात. आकडा तीनने घसरला की प्रकाश निम्मा झाला असं समजायचं. नेहमीच्या उपकरणांना उणे २७ च्या पलीकडे दिसेनासं होतं आणि घरातल्या डब्यावर लाल दिवा पेटतो.

पावसात काय होतं ते आता सांगता येईल. काच भिजून बिघडत नाही. बिघडतात ते जोड. धागे जोडायचं खरं यंत्र काच वितळवून जोडतं. असा जोड प्रकाशाचा शंभरावा भागसुद्धा खात नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण घाईत माणसं हाताने दाबून बसवायचे कनेक्टर लावतात. उन्हाळ्यात ते ठीक चालतात. जूनमध्ये त्यांत दमट हवा शिरते, जोडाच्या डब्याचं रबर नीट बसलेलं नसेल तर पाणी, आणि उबदार जागा बघून मुंग्या. मी एकदा एक डबा उघडला तर आत मुंग्यांनी अंड्यांसकट संसार मांडला होता, आणि धागे त्यांच्या मातीखाली इतके वाकले होते की प्रकाश वळणावरच बाहेर सांडत होता. काचेला तीव्र वळण सोसत नाही, हे लक्षात ठेवा. माडाची झावळी तारेवर पडली तरी तार तुटतेच असं नाही. ती ताणली जाते, खांबाच्या आकड्यापाशी दुमडते आणि उणे २३ चं उणे २८ होतं. तुम्हाला वाटतं नेट “गेलं”. मला मीटरवर दिसतं, ते दुमडलंय.

म्हणून जोडणी झाली की केबलवाल्याच्या मुलाला म्हणा, “बाबा, मीटर लावून आकडा दाखव.” उणे २४ पर्यंत असेल तर घ्या. उणे २६ दाखवून “चालतंय की” म्हणाला तर नका घेऊ. ते मे महिन्यात चालतं. आकडा डब्याच्या पाठीवर तारखेसकट लिहून ठेवा. पुढे तक्रार करताना “नेट स्लो आहे” या वाक्यापेक्षा “मेमध्ये २२ होते, आता २६ आहेत” हे वाक्य माणसाला लवकर घराबाहेर काढतं.

तुमच्या शेजारच्या गावात पहिल्या पावसात नेट जातं याचं कारण मात्र कदाचित जोडही नसेल. काही ठिकाणी काम स्वस्तात व्हावं म्हणून वरची पद्धत वापरतच नाहीत. वाटेत कुणाच्या तरी पडवीत एक लहान स्विच ठेवतात, त्याच घराची वीज घेतात आणि पुढच्या दहा घरांना तिथून तारा देतात. पाऊस आला, वादळ आलं, त्या घराची लाइट गेली, की पुढच्या दहा घरांचं नेट बंद. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी उपयोग शून्य. तेव्हा केबलवाल्याला स्पीड विचारण्याआधी हे विचारा : “तुझ्या यंत्रापासून माझ्या घरापर्यंत मध्ये कुठे वीज लागते का? आणि गावातल्या यंत्राला बॅटरी किती तासांची?” या दोन प्रश्नांवर जो डोकं खाजवेल त्याचं फायबर पावसाळ्यात न घेतलेलं बरं. जो “मध्ये काही नाही, गावात आठ तास बॅटरी आणि जनरेटर” असं फाडकन सांगेल, त्याला आगाऊ पैसे द्यायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न : “तुझी लाइन गावातून पुढे किती वाटांनी जाते?” इथला कातळ खणणं महाग. चर मारायचा तर ब्रेकर लावावा लागतो. त्यामुळे पुष्कळ फायबर विजेच्या खांबांवरून जातं, आणि उरलेलं रस्त्याच्या कडेने, जिथे चौपदरीकरणाच्या जेसीबीने ते किती वेळा उखडलं याचा हिशेब मी ठेवणं सोडून दिलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं तेव्हा दापोली-मंडणगडात खांबच आडवे झाले. तुम्ही ते पाहिलंच आहे. खांबावरचं फायबर खांबाबरोबर गेलं, आणि आधी वीज, मग फायबर या क्रमाने परत यायला काही वाड्यांना आठवडे लागले. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. तळमजल्यावर ठेवलेली यंत्रं आणि बॅटऱ्या पाण्याखाली गेल्या. त्या वेळी ज्यांची लाइन फक्त महामार्गाच्या बाजूने होती ते ठप्प झाले. ज्याच्याकडे मुंबईची एक वाट आणि घाटावरून कोल्हापूर किंवा कराडची दुसरी वाट असते, त्याला अशा वेळी निदान काही आशा असते. लहान केबलवाल्याकडे बहुधा एकच वाट असेल. त्यात लबाडी नाही, परवडतच नाही. पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

म्हणून मांगराच्या मागची रेंज टाकून देऊ नका. ती तुमची दुसरी वाट आहे. टॉवरमधून निघणाऱ्या लहरींमध्ये ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि झाडी-भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात. २३०० किंवा ३५०० च्या वेग जास्त देतात पण डोंगर आडवा आला की संपल्या. तुमच्या घराच्या आणि टॉवरच्या मध्ये बहुतेक सडा (कातळाचं पठार) किंवा दाट आमराई आहे आणि मांगर तेवढा उघड्यावर आहे. तिथे छपराच्या उंचीवर सिमकार्डचा बाहेर बसवायचा राऊटर लावा आणि तिथून लॅन केबल, म्हणजे नेटची तार, घरात आणा. १०० मीटरच्या आत असेल तर चालते. सिम घेताना शेजाऱ्याकडे कुठलं आहे ते विचारू नका. दोन-तीन कंपन्यांची सिमं घालून त्याच जागी, संध्याकाळी आठ वाजता तपासा. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. चाकरमानी उतरले की गणपतीत त्याच टॉवरवर कितीतरी पट फोन येतात, आणि रेंजच्या पाचही दांड्या दिसत असताना काहीही उघडत नाही. दांड्या टॉवरचा आवाज किती येतो ते सांगतात. तुमच्या आधी रांगेत किती जण आहेत ते सांगत नाहीत.

खाडीपलीकडून वायरलेसने नेट आणून देतो असंही कुणी म्हणेल. दोन टोकांना दोन ताटल्या, समोरासमोर. चांगलं चालतं, मी बरेच लावले आहेत. पण एक अनुभव सांगतो. एका खाडीवर आमची जोडी दिवसातून दोनदा मलूल व्हायची, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकायची. आम्ही यंत्र बदललं, तार बदलली. शेवटी होडीवाल्याने विचारलं, “भरतीला जाता काय?” तेच होतं. सरळ जाणारी लहर आणि पाण्यावरून परतलेली लहर पलीकडे एकत्र पोचतात. पाण्याची पातळी बदलली की दोघी कधी एकमेकींना साथ देतात, कधी पाडतात. एका ताटलीची उंची बदलली आणि प्रश्न मिटला. दुसरी गोष्ट, नजरेला समोरचं टोक दिसणं पुरत नाही. तीन किलोमीटरच्या अंतरात मधोमध नजरेच्या रेषेभोवती सहा मीटर मोकळं लागतं. मेमध्ये लावलेली जोडी ऑगस्टमध्ये दबते ती पावसाच्या थेंबांनी नाही, रेषेत घुसलेल्या ओल्या पानांनी.

आता २०० एमबीपीएस. यातला बी बिटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. मीटिंगला एका माणसाला तीन-चार एमबीपीएस जाताना आणि तेवढेच येताना पुष्कळ. दोघं जण एकाच वेळी बोलले आणि तुम्ही शेजारी कीर्तन लावलं तरी ५० मध्ये भागतं. ओएलटीच्या एका धाग्यावर एकूण अडीच हजार एमबीपीएसच्या आसपास असतात, ते चौसष्ट घरांत वाटलेले. सगळे एकदम ओढत नाहीत म्हणून प्रत्येकाला २०० विकता येतात. मी तुमच्या जागी असतो तर ५० चा प्लॅन घेतला असता आणि वाचलेले पैसे विजेवर लावले असते. घरातला डबा आणि राऊटर मिळून दहा-पंधरा वॅट खातात, बहुतेक १२ व्होल्टवर. लहान मिनी यूपीएस दोन-तीन तास काढतो. वाडीत लाइट जाते ती तेवढ्यापुरती जात नाही, तेव्हा १२ व्होल्टची मोठी बॅटरी किंवा घरचा इन्व्हर्टरच त्याला जोडा.

आणि राऊटर माजघरात टीव्हीच्या मागे ठेवू नका. सगळे तिथेच ठेवतात. जुन्या घराची चिऱ्याची भिंत फूट-दीड फूट जाड, पावसाळ्यात ओलसर. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीत दमतं, २.४ चं दोन भिंतींत. मुलगा पडवीत बसणार असेल तर पडवीपर्यंत लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरं वायफाय लावा. मधे लावायचे रिपीटर स्वस्त असतात, पण ऐकलेलं परत बोलण्यात त्यांचा निम्मा वेळ जातो. माझ्याकडे येणाऱ्या “फायबर खराब आहे” या तक्रारींत बऱ्याच वेळा फायबर बिचारं ठणठणीत असतं, भिंत आड येते. तपासायची सोपी रीत : लॅपटॉपला राऊटरमधून तार लावा. तारेवर नेट नीट चाललं तर दोष वायफायचा. तारेवरही नाही आणि लाल दिवा पेटला, तर बाहेरच्या लाइनचा. तारेवर नाही पण हिरवा दिवा स्थिर, तर गावातल्या यंत्राच्या पुढे कुठेतरी. या तीन ओळी सुनेला सांगून ठेवा.

जाता जाता, घराला कॅमेरे लावून मुलांनी पुण्यातून बघायचे असतील तर त्याचा पत्त्याशी संबंध येतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, ते केव्हाच अपुरे पडले. त्यामुळे लहान नेटवाले शेकडो घरांना बाहेर एकच पत्ता देतात. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरून कुणी थेट तुमच्या घराचं दार ठोठावू शकत नाही. म्हणून घरातून स्वतः बाहेर जोडणारा कॅमेरा घ्या, नाहीतर वेगळा पत्ता मागून त्याचे पैसे भरा.

विजांचं एक राहिलं. काचेतून वीज येत नाही, पण काही केबलमध्ये आधाराला पोलादी तार असते, ती घराच्या बाहेरच तोडून घ्यायला सांगा. मांगराकडून येणारी लॅन केबल मात्र तांब्याची आहे. गडगडायला लागलं की ती आणि राऊटरचा अडॅप्टर दोन्ही काढा. आणि फायबर घरात घेताना भिंतीच्या भोकाआधी तारेला खाली एक झोळ ठेवायला लावा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी तारेवरून ओघळून तिथेच टपकेल आणि माजघरात उतरणार नाही.